वीस हजारांत कोकण किनारा: ठिकाणं कमी करा, भरती-ओहोटी बघा

पत्र:

"आम्ही कऱ्हाडला राहतो. घरी आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, पण समुद्र बघायची त्यांची फार इच्छा आहे. भाऊबीज उरकून पाच दिवस कोकणात जायचं ठरवतोय. गाडी घरची आहे. ह्यांनी यादी केली आहे: अलिबाग, काशीद, मुरुड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला. सगळा सागरी महामार्ग एकदाच करून टाकू म्हणतात. सगळा खर्च मिळून वीस हजारांच्या वर जाता कामा नये. माझी जाऊ गेल्या वर्षी रिसॉर्टला जाऊन आली, तिचे फोटो बघून मुलगा पॅरासेलिंगचा हट्ट धरून बसलाय. एवढ्या पैशांत मुलांना काहीच करता येणार नाही आणि नुसतं गाडीत बसून परत येऊ, अशी मला धास्ती वाटते. काय करावं?"

– एक वाचक, कऱ्हाड

ताई,

तुमची धास्ती खरी आहे, पण तिचं कारण वीस हजार नाहीत, ती यादी आहे. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग पाचशे किलोमीटरहून लांब आहे. त्याआधी कऱ्हाडहून अलिबाग गाठायचं आणि शेवटी वेंगुर्ल्याहून घाट चढून परत यायचं, म्हणजे पाच दिवसांत जवळपास हजार किलोमीटर झाले. तेही हमरस्त्याचे नाहीत. हा रस्ता गावांच्या आळ्यांतून जातो, एसटी समोरून आली की कुणाला तरी गाडी मागे घ्यावी लागते, आणि तासाला पंचवीस-तीस किलोमीटर झाले तरी चांगला वेग म्हणायचा. मध्ये खाड्या आहेत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, प्रत्येक ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे जायचं आणि सुट्टीत तिथे रांगही असते. सहा वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे घेऊन हे केलंत तर समुद्र तुम्हाला काचेतूनच दिसेल. शिवाय पेट्रोल आणि रोज नवी खोली यांतच पैसे संपतील.

ह्यांना सांगा, यादी फाडू नका, तिचे तीन तुकडे करा. अलिबाग ते दापोली एका वर्षी, देवगड ते वेंगुर्ला दुसऱ्या वर्षी. या वेळी फक्त मधला तुकडा घ्या: गुहागर ते रत्नागिरी. कऱ्हाडकरांना हाच सगळ्यांत सोयीचा. जाताना पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पंचेचाळीसेक किलोमीटरवर गुहागर. येताना रत्नागिरीहून हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाटाने मलकापूर आणि कोल्हापूरवरून घर. इकडचं तिकडचं फिरणं धरून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास होतील. मुक्काम दोनच ठिकाणी: दोन रात्री गुहागर, दोन रात्री मालगुंड. सामान दोनदाच उचलायचं, हा तुमच्या सासूबाईंसाठी मोठा फायदा आहे.

पैशांचं बोलू. पेट्रोलला चार हजार धरा. दिवाळीच्या सुट्टीत घरगुती निवासात पाच जणांच्या एका मोठ्या खोलीला दोन-सव्वादोन हजार पडतील असं समजा, म्हणजे चार रात्रींचे नऊ हजार. फोन करतानाच सांगा की खोली तळमजल्यावर हवी आणि संडास पाश्चात्त्य पद्धतीचा हवा. हे दोन प्रश्न तिथे पोचल्यावर विचारले तर उपयोग नसतो. जेवणाखाण्याला साडेचार-पाच हजार. फेरीबोट, दीपगृह, संग्रहालय असली किरकोळ तिकिटं हजाराच्या आत. उरलेल्या हजारातले पाचशे-पाचशे दोन मुलांच्या हातात द्यायचे, त्याबद्दल पुढे सांगते. भाव गावागणिक बदलतात, पण या हिशेबात वीस हजारांत गाडी नीट बसते. शनिवार-रविवार टाळता आले तर खोलीच्या भावात आणखी थोडं सुटेल.

जेवणाचा खर्च आटोक्यात ठेवायला तुमच्या घरात तयारी आधीच आहे. भाऊबीज झाली की डब्यांत चिवडा, चकल्या, कडबोळी उरलेली असतात. ती सगळी गाडीत घ्या. पहिल्या दिवशीचं जेवण घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही. रोजचा सकाळचा नाश्ता आणि चारचं खाणं फराळावर निघालं तर विकत घ्यायचं जेवण उरतं दोन वेळांचं. एक डबा घरमालकिणीसाठी वेगळा बांधून न्या. कोकणात फराळाचा डबा दिला की जेवताना पानात काहीतरी जास्तीचं येतंच.

गुहागरला शाकाहारी घरगुती खानावळी भरपूर आहेत, सासूबाईंना काही अडचण पडणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे आयत्या वेळी जाऊन पान मिळत नाही. सकाळी नऊच्या आत फोन करून किती माणसं, काय हवं ते सांगायचं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. मुलांना मासे हवे असतील तर वेगळ्या खानावळीत जावं लागेल, शाकाहारी घरात मासे शिजवून द्या म्हणू नका. सुरमई-पापलेटच्या थाळीचा भाव चढा असतो. बांगडा, मांदेली, बोंबील यांची थाळी स्वस्त असते आणि अकरा वर्षांच्या मुलाला कुरकुरीत मांदेली जास्त आवडतील, असं मी खात्रीने सांगते.

आता मुलांनी करायचं काय, या तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

कोकण किनाऱ्यावर फुकटात करण्यासारखं एवढं आहे की पाच दिवस कमी पडतील. पण ते वेळेला बांधलेलं आहे, आणि ती वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. बहुतेक कुटुंबं दुपारी जेवून, झोपून, पाचला किनाऱ्यावर जातात. त्या वेळी भरती असली तर वाळूची चिंचोळी पट्टी, त्यावर गर्दी, घोडागाडी आणि भेळ एवढंच उरतं. मग मुलं कंटाळतात आणि पैसे टाकून करायच्या गोष्टींकडे धावतात. तोच किनारा सकाळी ओहोटीला गेलात तर ओळखू येणार नाही.

भरतीची वेळ काढायची पद्धत किनाऱ्यावरच्या लोकांना पाठ असते. तुमच्या मुलाला ती शिकवा, त्याला गणितही येईल. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चारच्या पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, पाणी सगळ्यांत मागे गेलेलं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि जसजसं दक्षिणेला जाल तसतशी भरती थोडी लवकर येते. तेव्हा फिरण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे. पाण्यात उतरायचं की नाही हे मात्र गावातल्या माणसालाच विचारायचं.

तुम्ही भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी निघताय, म्हणजे कार्तिक शुद्ध तृतीया. पुढचे चार दिवस चतुर्थी ते सप्तमी. सकाळी साडेआठपासून अकरापर्यंत रोज ओहोटी मिळणार, आणि दुपारी तीन ते पाच भरती. लहान मुलांसाठी याहून चांगलं वेळापत्रक मागूनही मिळायचं नाही. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असल्यामुळे पहिले एक-दोन दिवस उधाणाचे, पाणी खूप आत जाईल. सप्तमी-अष्टमीला भांग लागतो, तेव्हा चढउतार कमी होतो. म्हणून किनाऱ्यावरचं मुख्य काम आधी गुहागरला उरका आणि देवळं, संग्रहालयं शेवटी ठेवा.

चतुर्थीच्या सकाळी आठला गुहागरच्या किनाऱ्यावर जा. हा किनारा लांबच लांब आणि सपाट आहे, मागे सुरूचं बन. ओल्या वाळूचा भाग पायाला घट्ट लागतो, त्यामुळे सासूबाईंना कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा तिथे चालणं सोपं जाईल. कोरडी पट्टी ओलांडताना तेवढा हात द्या. घडीचा एक स्टूल सोबत असू द्या.

पाणी जरा मागे हटलं की वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसायला लागते, साबुदाण्याएवढ्या, शेकडो. मुलीला तिथे उकिडवं बसवा आणि हलू नको म्हणावं. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. मग नक्षीच्या मधल्या भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो. तो वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. एक रांग झाली की भोकाशी परत, मग दुसरी रांग. म्हणून ती नक्षी सूर्यकिरणांसारखी मधून बाहेर पसरलेली दिसते. कुणाची सावली पडली की सगळे एकाच क्षणी आत. पुन्हा वाट बघायची. माझ्या ओळखीतल्या एका सहा वर्षांच्या पोरीने यात तासभर काढला आहे, आणि आई हाका मारून थकली. भरती आली की सगळं पुसून जातं आणि दुसऱ्या दिवशी खेकड्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे मुलांना सांगितलं की दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून लवकर उठतात.

मोठ्याला वेगळं काम द्या. भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याची एक रेघ किनाऱ्यावर असते, तिच्या कडेने चालायचं. शंख-शिंपले तर मिळतीलच, पण माकुळाचं पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं हाड शोधायला सांगा. त्याला समुद्रफेस म्हणतात आणि आयुर्वेदात ते औषधाला वापरतात. नखाने खरवडलं तर पीठ निघतं. ते पाण्यावर तरंगतं, हे त्याने स्वतः करून बघावं. शंख उचलला तर आत कुणी राहत नाही ना हे आधी पाहायचं. पाय बाहेर आले तर तो शंखातला खेकडा, जिथून उचलला तिथेच ठेवायचा. घरी न्यायचे ते रिकामे, तेही मूठभर. बादलीत जिवंत प्राणी गोळा करून खोलीवर आणू देऊ नका. दुपारपर्यंत ते मरतात आणि मुलांना त्याचं वाईट वाटतं.

दुपारी गाव बघा. गुहागर म्हणजे एक लांब रस्ता, खालचा पाट आणि वरचा पाट, दोन्ही बाजूला चिरेबंदी घरं आणि मागे समुद्रापर्यंत गेलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या. मध्यावर व्याडेश्वराचं देऊळ, वरच्या पाटाला दुर्गादेवीचं. तुम्ही जाल तेव्हा सुपारी काढणीला लागलेली असेल तर अंगणात वाळत घातलेली दिसेल, सालासकट, नारिंगी-पिवळी. मालकांना विचारून वाडीत चक्कर मारा. पोफळीवर चढणारा गडी एका झाडावरून खाली न उतरता शेंडा झुकवून दुसऱ्या झाडावर जाताना दिसला तर तुमच्या मुलाला पॅरासेलिंगची आठवण होणार नाही, निदान दुपारपुरती.

संध्याकाळी अंजनवेलला जा. खाडीच्या मुखावर गोपाळगड आहे आणि जवळच टाळकेश्वराचं देऊळ व दीपगृह. दीपगृह ठरावीक वेळच उघडतात, बहुधा संध्याकाळी, म्हणून निघण्याआधी घरमालकांकडून वेळ विचारून घ्या. वर चढायला जिना आहे, सासूबाई देवळापाशी बसतील. तिथून दाभोळची खाडी, येणारे मचवे आणि खाली आपटणारं पाणी दिसतं. त्याच संध्याकाळी सूर्य मावळला की पश्चिमेला चतुर्थीची कोर दिसेल. सकाळी भरतीचा हिशेब ज्या चंद्राने करून दिला तो हाच, हे मुलाला तिथेच दाखवा. पुस्तकातला धडा आणि समोरचं पाणी एकमेकांना जोडलं जाण्याची संधी घरी बसून मिळत नाही.

पंचमीला सकाळी पुन्हा तासभर किनारा, मग आवरून निघा. वाटेत हेदवी. दशभुज गणपतीचं देऊळ शांत आहे आणि आदल्या दिवशीची विनायकी चतुर्थी उलटून गेल्यामुळे गर्दीही कमी असेल. जेवण तिथेच कुठेतरी सांगून ठेवा आणि अडीच-तीनच्या सुमाराला किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराच्या देवळाकडे जा. तिथल्या खडकात एक अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्या घळीत घुसलं की कोंडतं आणि मोठा आवाज करत वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते, म्हणून ही वेळ सांभाळा. पण खडकाच्या कडेला जायचं नाही, शेवाळावर पाय ठरत नाही. मुलांचा हात तुम्ही दोघांनी एकेक धरायचा आणि लांब उभं राहून बघायचं. फोटोसाठी पुढे सरकणं इथे जिवावर बेतू शकतं. वाऱ्या-लाटांचा अंदाज नसेल तर ते सोडून द्या, हेदवीच्या अलीकडे वेळणेश्वर आहेच.

मग तवसाळला फेरीबोट. मुलांसाठी ही सहलीतली सगळ्यांत मोठी गंमत आणि तिचं तिकीट किती कमी! गाडी बोटीत चढते, फळी वर येते, आणि मुलं खाली उतरून कठड्याशी उभी राहतात. शास्त्री नदीची खाडी ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत जयगड. सासूबाईंना उतरायचं नसेल तर त्या गाडीतही बसू शकतात. बोटीच्या फेऱ्यांची वेळ गुहागरलाच विचारून घ्या आणि शेवटच्या फेरीवर अवलंबून राहू नका. काही कारणाने बोट बंद असली तर घाबरायचं नाही, भातगावच्या पुलावरून राईला उतरणारा रस्ता आहे, थोडा लांबचा. उतरलात की जयगडचा किल्ला, त्याला तिकीट नाही. तटावरून चालायला मिळतं. वेळ उरला तर कऱ्हाटेश्वर, पण तिथे पायऱ्या आहेत, सासूबाईंना वरच थांबवा.

मुक्काम मालगुंडला करा असं मी मुद्दाम म्हणतेय. गणपतीपुळ्याच्या देवळाजवळच्या खोल्या सुट्टीत महाग असतात आणि गर्दीही तिथेच. मालगुंड अगदी शेजारी, किनारा तोच आणि शांत. कवी केशवसुत १८६६ साली इथे जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचं स्मारक उभारलं आहे आणि जुनं घर जपलं आहे. अर्ध्या तासाचं काम, पण सासूबाईंना ते घर बघून त्यांच्या लहानपणाबद्दल नक्की बोलावंसं वाटेल, आणि नातवंडांनी ते ऐकावं.

षष्ठीला सकाळी पुळ्याचं दर्शन. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा किलोमीटरभराची आहे, मुलांना घेऊन तुम्ही जा, सासूबाई मंडपात बसतील. पुळ्याच्या समुद्रात मात्र मुलांना उतरवू नका. किनारा एकदम खोल होतो आणि पाणी ओढतं, दरवर्षी तिथे माणसं बुडतात. कुठल्याही किनाऱ्यावर हा नियम ठेवा: घोट्यापर्यंत सहा वर्षांची, गुडघ्यापर्यंत अकरा वर्षांचा, आणि ओहोटी लागलेली असताना तेवढंही नाही. आत जाणारं पाणी माणसाला सोबत नेतं. आणखी एक, गाडी वाळूवर नेऊ नका. रुतली की काढायला ट्रॅक्टर लागतो, आणि भरती थांबत नाही.

त्या दिवशीचा उरलेला वेळ मी उक्षीच्या कातळशिल्पाला देईन. गणपतीपुळ्याहून आत, सड्यावर म्हणजे उघड्या पठारावर, जांभ्या कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी तो कोरला, कुणी आणि कशासाठी हे अजून कोडंच आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आणि गोव्यातलं एक, अशी निवडक कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात उक्षी आहे. जमिनीवर उभं राहून तो हत्ती चटकन कळत नाही, उंचावरून बघितल्यावर एकदम डोळ्यांत भरतो. मुलांना आधी खालून ओळखायला सांगा, मग वरून दाखवा. कोरीव रेषांवर पाय द्यायचा नाही. सड्यावर सावली नसते, म्हणून टोप्या आणि पाणी घ्या. संध्याकाळी मालगुंडच्या ओल्या वाळूवर मुलांनी काठीने तेवढाच मोठा हत्ती काढायचा. सोंड कुठून सुरू करायची यावरून भांडणं होतील, होऊ द्या. सड्यावर जायचा उत्साह नसेल तर हा दिवस नुसता किनाऱ्यावर काढलात तरी काही बिघडत नाही.

शेवटच्या दिवशी लवकर निघून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. डोंगराच्या कडेने रस्ता वळतो आणि खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात. थांबायचं ते मोकळ्या जागेत, वळणावर नाही. रत्नागिरीत दोनच गोष्टी करा. एक, झाडगावला कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय. तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे आणि त्याच्यापुढे उभं राहिल्यावर मुलांची बडबड बंद होते. दुसरं, थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ साली तो इथेच वारला, पुन्हा मायदेशी गेला नाही. ही गोष्ट मुलाला गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे त्या मोठ्या खोल्यांकडे तो वेगळ्या नजरेने बघेल. सोमवारी संग्रहालयं बंद असतात, तेवढं वारावर लक्ष ठेवा. टिळकांचं जन्मघर, रत्नदुर्ग, पावस, सगळं आहे, पण दुपारी एकच्या आत रत्नागिरी सोडली नाहीत तर घर गाठेपर्यंत अंधार पडेल. सासूबाईंना पावसला जायचंच असेल तर मत्स्यालय सोडा आणि सरळ तिकडे जा. त्यांची सहल आहे ही, तुमच्या पत्रावरून मला तरी तसंच वाटलं.

राहिलं पॅरासेलिंग. नाही म्हणू नका. पहिल्या दिवशी दोन्ही मुलांना पाचशे-पाचशे रुपये द्या आणि सांगा, पाच दिवसांत हे तुमचे, पाहिजे ते करा, पण संपले की संपले. पॅरासेलिंगला तेवढे पुरत नसतील तर तो पैसे साठवून पुढच्या वर्षी मालवणला करेल, किंवा बनाना राईडवर भागवेल, किंवा घोडागाडी आणि बर्फाचा गोळा असं काहीतरी निवडेल. हिशेब त्याने करायचा. करणारच असेल तर तुम्ही जाऊन बघायचं: अंगावर नीट बसणारं लाइफ जॅकेट आहे का, त्याची बकलं धड आहेत का, वजन-वयाची विचारपूस केली का. यातलं एकही नसेल तर तिथून निघायचं आणि मुलाला कारण सांगायचं. जाऊबाईंचे फोटो त्यांच्याकडे राहू देत. त्यांच्या मुलांनाही रिसॉर्टच्या तलावापेक्षा खेकडे जास्त आवडतील, पुढच्या वेळी बरोबर घेऊन जा, मोठी गाडी केली तर खर्चही वाटून जाईल.

आता लगेच करायचं ते एवढंच: गुहागर आणि मालगुंडच्या खोल्यांना आजच फोन लावा, दिवाळीनंतरचे दिवस झपाट्याने भरतात. आगाऊ रक्कम द्याल त्याची पावती किंवा फोनवर संदेश मागून घ्या. तीन-चार हजार रोख जवळ ठेवा, किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी रेंज जाते आणि मग फोनवरून पैसे देता येत नाहीत. पेट्रोल चिपळूणला भरून घ्या. कुंभार्ली घाटात वळणं फार आहेत, मुलीला गाडी लागत असेल तर कोयनानगरला थांबून पोट जरा हलकं असतानाच घाट उतरा, आलेपाकाच्या वड्या हाताशी असू द्या.